मागचे बाक आणि मातीचा बिल्ला

यवतमाळ,
१५ सप्टेंबर १९५८

घनश्याम,

या पत्राच्या माथ्यावर ‘सलाम’ नाही, हे तुझ्या ध्यानात आले असेल. आपल्या घरातून निघालेल्या प्रत्येक पत्राचा तो पहिला शब्द असे. वडील वखारीतून लाकडे मागवतानासुद्धा तो लिहीत. परंतु त्या शब्दाचा अर्थ शांती, आणि तुझ्या-माझ्यात ती नाही. नसलेली वस्तू मी लिहून पाठवीत नाही.

तुझे पार्सल आईला मिळाले. कापसात गुंडाळलेला, भट्टीत भाजलेला पांढऱ्या मातीचा एक बिल्ला, त्यावर काळ्या रंगात वर्तुळ आणि वर्तुळात कोंबडीच्या पायासारखी आकृती. सोबत छापील चिठ्ठी, की उद्या अणुयुद्ध झालेच तर माणसाच्या हातच्या ज्या थोड्या वस्तू त्या आगीतून वाचतील त्यांत हा बिल्ला असेल. कळवण्यास हरकत नाही की अणुबाँबला पुरून उरणारा तुझा बिल्ला आपल्या चर्चच्या शहाबादी फरशीवर टिकला नाही. काल प्रभुभोजनाच्या वेळी तो फुटला.

आईने तो पदराला टाचून आणला होता. ‘घन्शानं शांतीचं चिन्ह पाठवलं,’ असे ती दारापासून प्रत्येकाला सांगत येत होती. तुला धर्मशिक्षणासाठी मंडळीने समुद्रापार पाठवले ते वडिलांच्या व्यासपीठावर परत येऊन उभे राहण्यासाठी. तू पाळकाची दीक्षा नाकारलीस, आणि ईस्टरच्या चार दिवसांत, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवसांत, फलक घेऊन बाँबच्या कारखान्यापर्यंत पायी गेलास. तुझी ती पायपीट आईच्या पदरावर बसून प्रभूच्या मेजापर्यंत येणार, हे मी मंडळीची पंच म्हणून चालू देणे शक्य नव्हते. ते चिन्ह मी नीट पाहिले आहे. तो हात मोडलेला वधस्तंभ आहे. ज्याने काढला त्याला हे कळत नसेल तर तो अडाणी, आणि कळत असेल तर त्याहून वाईट.

आता मुख्य गोष्ट. बिल्ला फुटल्यावर आई उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

नियम तुला ठाऊक आहे. परंतु तू पुष्कळ विसरला आहेस, म्हणून लिहिते. भाकर मोडण्यापूर्वी पाळक विचारतो, कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे काय? ज्याच्या मनात असेल त्याने दाराजवळच्या मागच्या बाकावर बसावे आणि भाकर घेऊ नये. दोघांनी मेजापुढे येऊन एकमेकांचा हात हातात घेतला म्हणजे बाक सुटते. हा नियम वडिलांनी घालून दिला आणि त्यांच्यामागे मी तो तसूभर ढळू दिला नाही. उकंडाला भावाशी बांधावरून वैर धरल्याबद्दल मीच तेथे बसवले होते. काल आई जाऊन त्याच जागी बसली तेव्हा शेजारच्या रांगेतला हा उकंडा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “बसा आजी, बाक चांगलं हाय. म्या गरम करून ठेवलं होतं.” लोक हसले. वडिलांच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या वेळी, हसले.

तू आईला स्वच्छ अक्षरात लिही की ते चिन्ह पाठवणे ही तुझी चूक होती आणि तिने आपल्या जागी परत यावे. अधिक काही लिहू नये.

सत्यशीला

यवतमाळ,
१० डिसेंबर १९५८

घनश्याम,

तुझे उत्तर लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवीत आहे. परदेशात राहून माणूस इंग्रजी शिकला नाही तरी चालेल, परंतु त्याने मराठी विसरावी याला क्षमा नाही.

तुझ्या पत्रातील मुद्दे घेते. तू लिहितोस, हे चिन्ह गेल्या फेब्रुवारीत लंडनच्या एका चित्रकाराने त्या मोर्च्यासाठी काढले. जहाजावरचे लोक दोन झेंडे हातांत धरून जी खुणांची भाषा बोलतात, तिच्यातले ‘एन’ आणि ‘डी’ एकावर एक ठेवले, की न्यूक्लिअर डिसआर्ममेंट, म्हणजे अण्वस्त्रे टाकून देणे. हे तपासून पाहिले. शाळेच्या पटांगणावर गाइडच्या दोन मुलींना झेंडे देऊन उभे केले. ‘डी’साठी एक हात सरळ वर, एक सरळ खाली. ‘एन’साठी दोन्ही हात बाजूंना तिरपे खाली. एवढे तुझे बरोबर आहे, आणि माझे ‘मोडलेला वधस्तंभ’ हे विधान उत्पत्तीपुरते मी मागे घेते. चुकीचे विधान मी उभे ठेवीत नाही. माझ्याकडून काही शिकावयाचे असेल तर हे शिक.

परंतु तू पुढे लिहितोस, की त्या चित्रकाराच्या मनात आणखी एक आकृती होती: एक हताश माणूस, दोन्ही हात खाली सोडून, तळवे उघडे करून उभा. आणि हेच मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. प्रभूने शांती केली ती हात खाली सोडून केली नाही. त्याचे हात पसरलेले होते आणि त्यांत खिळे होते. बाँब नसणे म्हणजे शांती, हे कारकुनाचे गणित आहे. माणूस देवाशी आणि शेजाऱ्याशी वैर धरून आहे तोपर्यंत त्याच्या हातात बाँब असो की गोफण असो, फरक मेलेल्यांच्या संख्येचा, पापाचा नव्हे. प्रभू शिष्यांना जी शांती देऊन गेला ती जगाच्या शांतीसारखी नव्हती, हे त्यानेच बजावले. तुझ्या मोर्च्यात चालणाऱ्यांपैकी किती जण घरी भावंडांशी बोलत होते, हे मला एकदा कळव.

आई अजून मागच्या बाकावर आहे. मागच्या आठवड्यात मी तिला सरळ विचारले. संवाद शब्दशः देते, कारण तू तिच्या तोंडी आपले शब्द घालतोस.

“आई, तुझे कोणाशी वैर आहे काय?”

“हाय.”

“कोणाशी?”

“ज्याचं त्याले समजते.”

“मग त्याला मेजापुढे बोलाव आणि मोकळी हो.”

“मी कायले बोलावू? बिल्ला माहा होता. पदर माहा फाटला.”

पदर जुना होता.

शेजारची जोहराबी तेव्हा तेथेच बसली होती. नवऱ्याच्या, रहेमान मिस्त्रीच्या, मागे ती एकटी पडल्यापासून दुपारभर आपल्याच ओसरीवर असते, आणि मत न विचारता देते. म्हणाली, “काहून वो मास्तरीणबाई, एवढी शिकली तू, अन् मायच्या खांद्यावरच्या मातीले भेली?” चर्चच्या शिस्तीचा प्रश्न तिच्यापुढे मांडण्याचा नाही.

तू विचारतोस, बिल्ला फुटला कसा. फरशी शहाबादी आहे, हे मी लिहिलेच होते.

सत्यशीला

यवतमाळ,
६ एप्रिल १९५९

घनश्याम,

आईने शाळेतल्या पद्मजेकडून तुला पत्र लिहून घेतले, हे मला ठाऊक आहे. शुद्धलेखन मुलीचे असल्यामुळे ते बरे असावे. त्यात काय लिहिले हे मी विचारले नाही; ते तुझ्या उलट टपालावरून मला कळले. होय, बिल्ला मी हाताने ओढून काढला. टाचणी सोडवण्याइतका वेळ नव्हता. पाळक श्रीकृष्णराव भाकर हातात घेऊन उभे होते आणि सर्व मंडळी त्या बिल्ल्याकडे पाहत होती. तुला हा हिंसाचार वाटत असेल तर तू हिंसाचार पाहिलेला नाहीस.

तू नियमाचे दुसरे कलम माझ्यापुढे टाकतोस: ज्याच्याशी वैर आहे त्यानेही भाकर वाढू नये. ते कलम मला तू शिकवू नये. वैर धरणाऱ्याने नाव घ्यावे लागते. आईने नाव घेतलेले नाही. नाव घेतले गेले नाही तोपर्यंत मेजाजवळची माझी भाकर वाढण्याची सेवा नियमाला धरून आहे. श्रीकृष्णरावांनाही मी हेच सांगितले. ते तरुण आहेत, तुझ्या जागी आलेले आहेत, आणि मला घाबरतात. “तुम्ही म्हणता तर तसंच असेल बाई,” एवढेच बोलले. ईस्टरला मी प्याले भरले. दाराशी उकंडाची बायको मानीबाई मला ऐकू येईल अशा बेताने नवऱ्याला म्हणाली, “तुमचं भांडण असलं त बाकावर. मोठ्याइचं असलं त कायद्यात.” तो म्हणाला, “चूप राय वो. बाईच्या कायद्याले बी एक दिवस बाक लागन.”

अशा लोकांसाठी वडिलांनी आयुष्य झिजवले.

आता तुझा शेवटचा मुद्दा. तू लिहितोस, त्या चित्रकाराने प्रथम वर्तुळात वधस्तंभच काढावयाचा ठरवला होता. परंतु ज्या पाळकांना त्याने विचारले त्यांना आपला वधस्तंभ मोर्च्यात मिरवलेला मान्य नव्हता, म्हणून त्याने ती कल्पना सोडली. हे मला खरे वाटले नाही. येथून निवृत्त होऊन विलायतेला परतलेल्या आपल्या जुन्या मिसबाईंना मी लिहिले. त्यांनी चौकशी करून कळवले, की तिकडे असेच सांगतात.

त्या पाळकांनी योग्य केले, असे माझे मत आहे. पवित्र वस्तू रस्त्यावर देऊ नये.

मात्र एक गोष्ट तुझ्याआधी मीच लिहून टाकते, म्हणजे तिचे श्रेय तुला मिळावयाचे नाही. त्यांनी वधस्तंभ दिला असता तर आईच्या पदरावर वधस्तंभ असता, आणि मला हात लावण्याचे काही कारण उरले नसते. या विचाराने मला त्या पाळकांचा राग आला. तुझा राग त्यामुळे कमी झालेला नाही.

सत्यशीला

यवतमाळ,
२० जानेवारी १९६०

घनश्याम,

आईची प्रकृती विचारलीस म्हणून कळवते. दिवाळीपासून तिचे दोन्ही खांदे धरले आहेत. सांध्यांत वात भरला, असे डॉक्टर म्हणतात. शेक आणि तेल चालू आहे. हात कोपरापासून हलतात, बोटे चालतात, परंतु खांद्यातून हात वर होत नाहीत. जेवताना ती ताटावर वाकते. वेणी जोहराबी घालते. मी घालू म्हटले तर आई म्हणाली, “तू नोको. तू भांग पट्टीनं पाडशीन.” दोघी हसल्या. माझ्याच ओसरीवर.

चर्चला ती अजून येते. जोहराबी तिला दारापर्यंत आणते, मागच्या बाकावर बसवते, आणि स्वतः बाहेर कडुनिंबाखाली उपासना संपेपर्यंत थांबते. श्रीकृष्णराव घरी येऊन भाकर देण्यास तयार होते. आईने नाही म्हटले. “मी आजारी हाय म्हून माहं बाक सुटत नाई,” असे तिचे म्हणणे. हा नियमाचा अर्थ बरोबर आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की हृदयही थकले आहे. ती प्रभुभोजनाविना गेली तर मंडळीत काय बोलतील याची पर्वा मला नाही. वडिलांना मी काय तोंड दाखवणार, याची आहे.

तू ‘मी येऊ का’ असे लिहितोस. हा प्रश्न मला विचारू नये. यावयाचे असते तो निघतो.

माझ्या नावाने पाठवलेला बिल्ला मिळाला. या वेळी पत्र्याचा. म्हणजे फुटणार नाही, असा टोमणा त्यात असावा. तो टेबलाच्या खणात आहे. उजव्या हाताला पडलेला असतो, त्यामुळे टाक काढताना रोज दिसतो. हात खाली सोडलेला तो माणूस मला अजून पटलेला नाही. हात खाली सोडून उभा असलेला माणूस शरण गेलेला असतो किंवा रुसलेला असतो. दोहोंपैकी कोणताही शांती करीत नसतो.

सत्यशीला

यवतमाळ,
१८ एप्रिल १९६०

घनश्याम,

काल ईस्टर झाला. परवा, शनिवारी, प्रभुभोजनाच्या तयारीची सभा होती. तेथे जे घडले ते तुला इतर कोणी कळवण्यापूर्वी मी कळवते, कारण इतर कोणी ते नीट लिहिणार नाही.

ईस्टरच्या वेळी नेहमीचा प्रश्न या सभेतच विचारतात; तो श्रीकृष्णरावांनी विचारला. कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे काय? मी मेजाजवळ उभी होते. दुसऱ्या दिवसाच्या प्याल्यांची थाळी माझ्या हातात होती. मागच्या बाकावर आई एकटी. तिने नेहमीप्रमाणे मान खाली घातली आणि नाव घेतले नाही. दीड वर्ष तिने माझे नाव घेतलेले नाही. मी तो तिचा हट्ट समजत आले होते. शनिवारी थाळी हातात असताना माझ्या लक्षात आले, की तिने नाव घेतले असते तर मला त्याच दिवशी ही थाळी खाली ठेवावी लागली असती.

मी ती खाली ठेवली आणि म्हटले, “माझे आहे.”

श्रीकृष्णराव माझ्याकडे पाहतच राहिले, मला त्यांना सांगावे लागले, “पुढे म्हणा.” तेव्हा ते म्हणाले, “ज्यांचे आहे त्यांनी मेजापुढे यावे.”

आई उठली. उकंडाने तिला कोपराला धरून मधल्या वाटेने आणले आणि तो मागे सरला. ती माझ्यापुढे उभी राहिली. “हात द्या,” पाळक म्हणाले.

मी हात पुढे केला. जसा प्रत्येक वेळी इतरांना करावयास लावते तसा, कमरेच्या वर, सरळ. आईने हात दिला नाही. ती दोन्ही हात खाली सोडून उभी होती. तळवे थोडे उघडे. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी थांबले होते. मागे कोणीतरी खाकरले. मला वाटले, सर्वांदेखत ही नाकारते आहे. हा तिचा अधिकार आहे, असेही वाटले. माझा हात तसाच हवेत होता. मी तो मागे घेण्याच्या बेतात होते.

घनश्याम, मी गेले कित्येक महिने रोज जोहराबीला आईची वेणी घालताना पाहत होते. मीच तुला लिहिले होते. आणि त्या क्षणी ते मला आठवले नाही.

आई म्हणाली, “सत्ये, माहे हात वर होत नाई वो. तुलेच खाली यावं लागन.”

मी गुडघ्यांवर बसले. फरशी तीच. तिचे दोन्ही हात माझ्या हातांत आले. थंड होते आणि त्यांना तेलाचा वास येत होता. तिने माझ्या इस्त्रीच्या पातळाकडे पाहिले आणि हळूच, परंतु सर्वांना ऐकू गेले असे म्हणाली, “वाकता येते त तुले. मले वाटे, घडी मोडन.”

उकंडा मोठ्याने हसला. मी त्याला बोलले नाही. दारात जोहराबी उभी होती, चपला हातात, डोळ्यांना पदर. तिला आत येण्याची परवानगी कोणी दिली हेही मी विचारले नाही.

काल आईने भाकर घेतली. ती तिच्या तोंडापर्यंत मला न्यावी लागली. ती पहिल्या रांगेत, आपल्या जागी बसली होती. भाकर वाढण्याची सेवा मी या वर्षापुरती सोडली आहे. ती माझी इच्छा आहे. कोणी सुचवलेली नाही.

तुझ्या चिन्हाविषयी माझे मत तुला कळावयास हवे, कारण तू आता विजयाने हुरळून जाशील. वर्तुळात प्रभू नाही, हा माझा आक्षेप कायम आहे. मोर्च्याने शांती येते, हे मला अजून मान्य नाही. दीक्षा नाकारल्याबद्दल मी तुला क्षमा केलेली नाही. ती मागण्यासाठी तुला येथे, त्या मेजापुढे, यावे लागेल, आणि तेव्हा हात कोणत्या उंचीवर धरावयाचा हे आपण पाहू. परंतु हात खाली सोडलेला माणूस शरण गेलेला असतो किंवा रुसलेला असतो, असे मी जानेवारीत लिहिले होते. ते विधान अपुरे होते. तो माणूस मी उभी राहून पाहिला होता, गुडघ्यांवरून नव्हे.

आईला दुसरा बिल्ला हवा आहे. पत्र्याचा तिला दाखवला. तिने तो जोहराबीला देऊन टाकला. “मातीचाच पाह्यजे,” म्हणते. कापसात नीट गुंडाळून पाठव, किंवा स्वतः घेऊन ये. तिचे हात वर होत नाहीत, तेव्हा पदराला तो टाचून देण्याचे काम माझ्याकडे येईल. टाचणी मी जपून लावीन.

सलाम.

सत्यशीला